शेजारच्याचं पुस्तक

लोकलच्या गर्दीत वर्तमानपत्र वाचायचं तर आधी घडी जमायला हवी. हात फैलावून पान उघडलं की समोरचा भांडायलाच उठणार. म्हणून पेपर उभा दुमडायचा, पुन्हा एकदा उभा, मग आडवा. शेवटी हातात दीड कॉलमाची पट्टी उरायची. एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात ती पट्टी. पुढचा मजकूर हवा असेल तर सगळी घडी मोडून नवी घालायची, तीही शेजाऱ्याच्या चष्म्याला धक्का न लावता. डोंबिवलीला चढलेली माणसं दिवा येईपर्यंत हा प्रकार लीलया उरकत. मागे उभा असलेला गृहस्थ आपल्या खांद्यावरून वाचतोय, हे पेपरवाल्याला ठाऊक असे. काही सज्जन तर "झालं का? उलटू?" असं विचारून मगच घडी बदलत. अग्रलेखावर मोठ्याने मत द्यायचं ते मात्र पेपर विकत न घेणाऱ्याने, असा डब्याचा अलिखित नियम होता.

पुस्तक वाचणारे थोडे आणि जरा अलिप्त. पुस्तकाला वाचनालयाचं खाकी कव्हर, कण्यावर हाताने घातलेला नंबर. नाव दिसायचं नाही. मग त्याने पान उलटलं की वरच्या ओळीतलं नाव मान तिरकी करून वाचायचं. कितीतरी लेखकांची नावं मला अशी तिरक्या मानेने कळली. "कसं आहे?" असं विचारायचं धाडस क्वचित व्हायचं, पण विचारलं तर माणूस खुलायचा. कल्याण येईपर्यंत अख्खं कथानक ऐकावं लागायचं, नको असलं तरी.

आज त्याच डब्यात वाचन कमी झालंय, असं छातीठोकपणे म्हणवत नाही. सगळ्यांच्या माना खालीच आहेत. कुणी ज्ञानेश्वरी वाचत असेल, कुणी रमी खेळत असेल; बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पुस्तकांची दुकानं गेली, स्टॉल गेले म्हणून आपण गळे काढतो तेव्हा पुस्तक मिळत नाही ही खरी अडचण नसते. पूर्वी दादरला चार खेटे घालूनही न मिळणारं पुस्तक आता बुकगंगावर नोंदवलं की घरपोच येतं. गेलं ते चारचौघांतलं वाचन. शेजारचा काय वाचतोय ते आता कळत नाही, आणि आपण काय वाचतोय ते त्यालाही कळत नाही.

ठाणे-कल्याणच्या या पट्ट्यात ते चारचौघांतलं वाचन चांगलं मुरलेलं होतं. आगगाडी ठाण्याला आली १६ एप्रिल १८५३ रोजी आणि पुढच्याच वर्षी कल्याणला. पाठोपाठ छापील कागद आला. १८६४ मध्ये कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघालं. १८६६ मध्ये ठाण्यातून 'अरुणोदय' साप्ताहिक सुरू झालं. म्हणजे मुंबईत छापलेलं वाचायचं एवढ्यावर गाव थांबलं नाही, स्वतःचं छापू लागलं. १८९३ मध्ये विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. हे भावे म्हणजे 'महाराष्ट्र सारस्वत'कार. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या माणसाला पहिली अडचण कोणती येणार, तर ग्रंथच एका जागी नाहीत. त्या अडचणीतूनच त्यांना ही कल्पना सुचली असावी, असा माझा आपला तर्क. मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, म्हणजे ठाण्यानंतर पाच वर्षांनी. ठाणेकर ही गोष्ट संधी मिळेल तिथे ऐकवतात. मीही आत्ता तेच केलं.

पुस्तकांच्या दुकानांच्या बाबतीत मात्र हा पट्टा कधीच श्रीमंत नव्हता. पगार झाला की पुस्तकासाठी माणूस दादरला उतरायचा, नाहीतर गिरगावात जायचा. इंग्रजी हवं असेल तर फोर्टातलं स्ट्रँड. टी. एन. शानभागांनी १९४८ मध्ये सुरू केलेलं ते दुकान फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं, तेव्हा डोंबिवलीतही हळहळ झाली. सुंदराबाई हॉलमधल्या त्यांच्या सेलमधून पिशव्या भरभरून नेणाऱ्यांत कर्जत-कसाऱ्याच्या गाड्या पकडणारे बँकवाले, विमावाले पुष्कळ असत.

इकडच्या दुकानांचा जीव लहान. स्टेशनपासून चालत जाता येईल असा गाळा. दर्शनी काउंटरवर गाईडं आणि व्यवसायमाला, मागच्या मांडणीत कादंबऱ्या, वर अध्यात्म आणि सगळ्यात खालच्या फळीवर गोष्टींची पुस्तकं, पोरांच्या हाताला लागावीत अशी. मालकाला गिऱ्हाइकाचं वाचन पाठ.

"काका, ते नवीन आलंय का?"

"आलंय. पण तुम्हाला नाही आवडायचं."

आणि काका पुस्तक काढायचेच नाहीत. हातातली विक्री घालवून गिऱ्हाइकाची आवड सांभाळणारा हा धंदेवाईक मला फार थोर वाटतो. ॲमेझॉनने १९९५ मध्ये दुकान मांडलं तेही पुस्तकांचंच. हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं, एवढं ते न चुकता सांगतं. हे घेऊ नका असं म्हणताना मी त्याला अजून पाहिलेलं नाही.

या दुकानांना मोबाईलने मारलं हे बोलायला सोपं आहे. मोबाईलच्या आधी जागेने मारलं. दोनशे रुपयांच्या पुस्तकावर विक्रेत्याला कमिशन मिळणार तीस-चाळीस टक्के. त्यातून गिऱ्हाइकाला दहा टक्के सूट, नाहीतर तो तोंड वाकडं करतो. बरं, ते पुस्तक काही पहिल्या दिवशी जात नाही. सहा-सहा महिने फळी अडवून बसतं. आणि ती फळी कुठे, तर ठाण्याच्या राम मारुती रोडला, डोंबिवलीच्या फडके रोडला, जिथे चौरस फुटाचा भाव सराफ आणि कपडेवाले ठरवतात. तरी पागडीच्या जुन्या गाळ्यात हे निभत होतं. मग इमारत पुनर्विकासाला गेली. पुन्हा गाळा मिळतो, नाही असं नाही. पण टॉवर उभा राहीपर्यंत गिऱ्हाईक पांगलेलं असतं, काका सत्तरीला टेकलेले असतात आणि मुलगा ऐरोलीला आयटीत. तो नवा गाळा भाड्याने देतो. घरबसल्या येणारं भाडं दुकानाच्या नफ्याच्या कितीतरी पट. त्या मुलाला नावं ठेवायची माझी तयारी नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पुनर्विकासाचा दुसरा फटका घरातल्या पुस्तकांना बसतो, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दोन खोल्यांच्या जुन्या घरात पोटमाळा असायचा. वडिलांचे 'सत्यकथा'चे अंक, आईची पाककृतींची कात्रणं, मावशीने बक्षीस म्हणून दिलेला गोष्टींचा संच, सगळं तिथे वर्षानुवर्षं सुखाने पडून असे. घर रिकामं करायची नोटीस आली की ते खाली येतं. भाड्याच्या घरात जागा नाही, नव्या फ्लॅटला माळाच नाही. रद्दीवाला काटा लावायच्या आधीच सांगतो, "पेपरचा भाव वेगळा, पुस्तकाचा वेगळा. पुस्तकाला कमी." का, तर पेपर पुडी बांधायला तरी जातो. १९८२ मध्ये बंद पडलेल्या 'सत्यकथा'चे जपून ठेवलेले अंक किलोवर जाताना बघणं काही बरं नाही. पण ज्याचं घर पाडायचं आहे त्याला दुसरा उपाय तरी काय? वाचनालयात द्यायला जावं तर तिथेही कपाटं भरलेली.

टिकली ती वह्या-पुस्तकांची दुकानं. मे सरता सरता त्यांच्यापुढे रांग लागते, ब्राऊन पेपरचे गुंडाळे निघतात, पालक याद्या घेऊन उभे. त्यातही आता कितीतरी शाळा सगळा संच आपणच देतात. आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी गोष्टीचं पुस्तक द्यावं तर तो आधी विचारतो, "चित्रं आहेत ना?" त्याचं काही चुकत नाही. त्याला मराठी बोलता येतं, ऐकता येतं. वाचायला लागलं की दम लागतो. स्टोरीटेल २०१७ मध्ये आपल्याकडे आलं, मराठी पुस्तकं कानाने ऐकायची सोय झाली, ती अशा मुलांच्या कामी आली तर मला आनंदच आहे. पेपर हातात घेऊनच चहा प्यायला पाहिजे, असा माझा हट्ट नाही.

तो हट्ट ज्यांचा होता त्यांचाही २०२० मध्ये सुटला. मार्चअखेर लोकल थांबल्या, पेपर थांबले; एप्रिलमध्ये सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच काही काळ मनाई केली. तोवर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेच पीडीएफ येऊन पडू लागली. टाळेबंदी उठली, पेपरवाला पुन्हा दारात आला, तेव्हा काही घरांनी सांगितलं, "राहू दे आता." ठाण्या-कल्याणची बातमी द्यायला वेगळी पुरवणी निघायची, तिचीही आठवण कुणी काढेना, पाणी कधी जाणार ते ग्रुपवर आधीच कळलेलं. स्टेशनातल्या व्हीलरच्या स्टॉलवर पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं पुढे आली, मासिकं मागे सरकली.

आता डोंबिवलीबद्दल. हे गाव सुशिक्षितांचं, पांढरपेशांचं, असं सांगून सांगून गुळगुळीत झालंय. पु. भा. भावे इथे राहिले, शं. ना. नवरे तर डोंबिवलीचेच. पण फेब्रुवारी २०१७ मध्ये नव्वदावं साहित्य संमेलन इथे भरलं तेव्हा यजमान होता आगरी यूथ फोरम. ज्या गावांच्या शेतांवर आमच्या सोसायट्या उभ्या राहिल्या तिथल्या लोकांनी मांडव घातला, आणि नगरीला नाव दिलं पु. भा. भाव्यांचं. ठाण्याने संमेलनं बरीच पाहिली, १९६० चं, १९८८ चं, २०१० चं. पण डोंबिवलीच्या संमेलनातली ही गोष्ट मला भाषणांपेक्षा जास्त लक्षात राहिली.

दुकानं रोडावली तरी या गावात वाचनालयं तग धरून आहेत. पै फ्रेंड्स लायब्ररीने घरपोच पुस्तकं देऊन पाहिली, शिवाय पुस्तक आदान-प्रदानाचा सोहळाही चालवला. आपलं वाचून झालेलं द्यायचं, दुसऱ्याचं घेऊन जायचं. तिथल्या टेबलांपाशी उभं राहिलं की गावाने गेल्या चाळीस वर्षांत काय विकत घेतलं त्याचा पंचनामाच होतो: ऐतिहासिक कादंबऱ्यांचे ठोकळे, शेअर बाजार, योगासनं, अनुवादित थरारकथा, आणि 'चि. हिस सप्रेम' असं लिहिलेली, कधीही न उघडलेली पुस्तकं. कविता कमी. ज्या येतात त्या बहुतेक कवीनेच भेट दिलेल्या.

प्रकाशकाच्या बाजूने बघितलं तर या सोहळ्यात लेखकाला छदामही मिळत नाही. पाच घरं फिरली तरी खपली एकच प्रत. एके काळी अकराशेची आवृत्ती हा मराठी पुस्तकाचा ठरलेला आकडा होता. आता तीनशे-पाचशे छापतात, किंवा मागणी येईल तशी. हे खरं आहे. तरी मी त्या टेबलांच्या बाजूने मत देईन. तिथे दोन अनोळखी माणसं एकाच पुस्तकाला हात घालतात, एक जण म्हणतो "घ्या तुम्ही, माझं वाचून झालंय," आणि मग शेवट कसा फसलाय यावर वाद सुरू होतो. अशा वादासाठी मी एखाद्या लेखकाची रॉयल्टी बुडू द्यायला तयार आहे. माझी स्वतःची तर बुडतेच.

दिवाळी अंकांचं अजून बरं चाललंय. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनचं हे व्यसन सुटता सुटत नाही. एकेक अंक विकत घेणं आता परवडत नाही, म्हणून वाचनालयांची योजना: ठरावीक वर्गणी भरा, महिना-दोन महिने हवे तितके अंक फिरवा. नाव घालायचं असेल तर दसऱ्याच्या सुमारास घाला. उशीर केलात की चांगले अंक बाहेर गेलेले असतात, उरतात ते राशिभविष्याचे. काउंटरवरच्या बाई वहीत बघून सांगतात, "तो अंक पेंढारकर आळीतल्या आजोबांकडे आहे. आठ दिवस झाले." आजोबांना फोन केला तर ते म्हणतात, अजून दोन कथा राहिल्यात, दंड लावा. बाई दंड लावतात, आजोबा भरतात, आणि अंक आणखी चार दिवस त्यांच्याकडेच राहतो.