इंटेलहून एएमडीकडे, व्हाया कुर्डुवाडी

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, हे आपल्या होस्टेलवर आता कुणाला सांगायला नको. एका कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. चालू असतानाच तो उचलून शेजारच्या कॉम्प्युटरवर नेता येतो, आतल्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. याला म्हणायचं लाइव्ह मायग्रेशन. व्हीएमवेअरने ही सोय २००३ साली आणली. पुस्तकात वाचताना लई भारी वाटतं राव!

आमच्या लॅबमध्ये सर्व्हर दोन. एक इंटेलचा, एक एएमडीचा. का? तर दोन वेगळ्या वर्षी ज्याचं कोटेशन कमी, त्याला ऑर्डर. ज्युनिअर्सची प्रॅक्टिकल परीक्षा ज्या व्हर्च्युअल मशीनवर होणार होती ती इंटेलवर, आणि नेमका त्याचाच पॉवर सप्लाय कुरकुर करायला लागला. सर म्हणाले, "परीक्षेत बंद पडला तर साठ पोरांचं नुकसान. सोमवारच्या आत एएमडीवर हलवा."

गोची अशी, की ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होतानाच प्रोसेसरला सीपीयूआयडी या सूचनेने विचारून घेते, 'तू कोण? तुला काय काय येतं?' इंग्रजी बारा अक्षरांत नाव कळतं, 'जेन्युइनइंटेल' नाहीतर 'ऑथेंटिकएएमडी', आणि येणाऱ्या कामांची यादीही मिळते. प्रोग्रामसुद्धा त्या यादीवरून मेमरी कॉपी करण्याची वेगवान पद्धत वगैरे ठरवून टाकतात. एकदा विचारलं की विचारलं. मध्येच खालचा प्रोसेसर बदलला आणि त्याला न येणारी सूचना आली, की प्रोग्राम गेला.

सगळ्यात नाजूक प्रकरण म्हणजे ६४ बिट सिस्टिमवर चालणारा जुना ३२ बिट प्रोग्राम. कर्नलला झटपट हाक मारायची तर इंटेलवर सिसएन्टर, एएमडीवर सिसकॉल. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. केव्हीएम ही हाक मध्येच झेलून सॉफ्टवेअरने पुरी करतं. नोव्हेंबर २००८ मध्ये एएमडी आणि रेड हॅटने इंटेलच्या झिऑनवरून ऑप्टेरॉनवर चालू मशीन हलवून दाखवली होती. पण व्हीएमवेअर आजही म्हणतं, आधी बंद करा, मग न्या. एका क्लस्टरमध्ये एकाच कंपनीचे प्रोसेसर ठेवा, हा मोठ्या लोकांचा सल्ला. आता हे परचेस कमिटीला कोण सांगणार?

दुसरा उपाय म्हणजे दोघांनाही येतं तेवढीच यादी मशीनला दाखवायची. केव्हीएममध्ये त्यासाठी 'केव्हीएम६४' नावाचा साधासुधा प्रोसेसर आहे. त्यात एन्क्रिप्शनच्या वेगवान सूचना वगैरे झाकल्या जातात, म्हणजे वेग थोडा सोडावा लागतो. आणि हे ठरवायचं मशीन सुरू करण्याआधी. आमची मशीन आधीच्या बॅचने इंटेलची सगळी यादी देऊन सुरू केलेली!

माझे आजोबा लातूरला आडतीवर मुनीम होते. लातूरला १९११ साली आलेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी, मुंबईची लाइन ब्रॉडगेज. म्हणून डाळीचं पोतं कुर्डुवाडीला उतरायचं आणि हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढायचं. २००८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी ब्रॉडगेज पूर्ण झालं. आजोबा म्हणायचे, उतरवण्यात वेळ जातो खरा, पण पोतं कुठं उसवलंय तेही तिथंच दिसतं.

पार्टनर लाइव्हवर अडून बसला. "बंद करून तर कुणीबी नेईल बे, मार्क कशाचे?" मी म्हटलं, अर्ध्या तासाची सुट्टी मागू, पण साठ जणांच्या परीक्षेवर प्रयोग नको. रात्री दोनपर्यंत मेसच्या कट्ट्यावर भांडण चाललं. शेवटी रविवारी सगळे जेवायला गेल्यावर मशीन नीट बंद केली, डिस्कची फाइल कॉपी केली आणि एएमडीवर 'केव्हीएम६४' देऊन सुरू केली. बावीस मिनिटं गेली. सोमवारी परीक्षा झाली, जुना सर्व्हर बुधवारी दुपारी बंद पडला.

व्हायवाला एक्स्टर्नलनी पहिलाच प्रश्न टाकला, "लाइव्ह का नाही केलं?" पार्टनरने काही न बोलता माझ्याकडे बोट दाखवलं.