समास

आजोबांनी पेन्सिलीने काढलेलं वाड्यातल्या विहिरीचं एक चित्र आमच्या घरात आहे. मी शाळेत असताना ते काचेत बसवायला पेठेतल्या एका फ्रेमवाल्याकडे दिलं होतं. तयार फ्रेमच्या मापात बसेना, म्हणून त्याने चारही बाजूंचा कोरा कागद कापून टाकला. आजोबांची सही आणि तारीख नेमकी त्या कापलेल्या पट्टीत होती. आई म्हणाली, "अरे, विहीर तर शाबूत आहे ना!" होतीच. पण तेव्हापासून कुठलंही चित्र पाहताना माझी नजर आधी कडेला जाते, समासाकडे.

म्हणूनच मारिएत नावाच्या एका जुन्या संग्राहकाचा निळा समास मनात घर करून बसला असेल. पॅरिसमधल्या एका प्रदर्शनातली जेमतेम उजेडाची खोली. शाईला, जलरंगाला, कागदालाही प्रखर उजेड सोसत नाही. भिंतीवर तांबड्या खडूचं एक रेखाटन. त्याच्याभोवती निळ्या कागदाची रुंद कड, सोनेरी बारीक पट्टी आणि खाली चौकटीत चित्रकाराचं नाव, लॅटिन वळणाने. चित्राच्या कोपऱ्यात इवल्याशा वर्तुळात ‘एम’ हे अक्षर. चित्रापेक्षा मी त्या कडेकडेच जास्त वेळ पाहत राहिलो, हे कबूल करतो.

पिएर-जाँ मारिएत (१६९४–१७७४) हा पॅरिसच्या सँ-झाक रस्त्यावरचा छापचित्रांचा व्यापारी. धंदा पिढीजात. त्याचे आजोबा हाती आलेल्या छापांवर आपलं नाव आणि साल शाईने लिहून ठेवत. ती सही असलेला छाप दिसला की जाणकार आजही थबकतात. (आजोबांच्या सह्या टिकतात, त्या अशा घरांत.) नातवाने १७५० साली दुकान विकलं, पण कागदाचा नाद काही सुटला नाही. मृत्यूपर्यंत त्याच्याकडे नऊ हजारांवर रेखाटनं जमली होती.

हे सगळं एक दिवस उधळलं जाणार, याची त्याला कल्पना नव्हती असं म्हणवत नाही. पिएर क्रोझा या धनाढ्य सावकाराच्या संग्रहातली एकोणीस हजार रेखाटनं १७४१ मध्ये लिलावात निघाली, तेव्हा त्यांची सूची मारिएतनेच लिहिली होती. एकेक कागद हातात घेऊन, नाव ठरवून, क्रम लावून. त्यातले कितीतरी त्याने स्वतःच विकत घेतले. दुसऱ्याचं घर मोडताना आपलं घर भरलं.

त्याच्या प्रेमाची तऱ्हाही न्यारी होती. काही कागदांवर दोन्ही बाजूंना चित्रं असत. दोन्ही एकदम पाहता यावीत म्हणून त्याने अशा कागदाची जाडीच मधोमध सोलून एकाचे दोन कागद केले! कुठे तुकडा अपुरा वाटला तर कडेला जोड लावून रेघा पुऱ्या केल्या. हे वाचलं त्या दिवशी आमच्या फ्रेमवाल्यावरचा माझा राग जरा निवळला.

‘लिलाव’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. पण शब्द परका असला तरी ‘एक वार, दोन वार’ ऐकताना पोटात पडणारा खड्डा कुठल्याही भाषेतला. मारिएतच्या संग्रहावर ती वेळ १५ नोव्हेंबर १७७५ ला आली आणि पुढच्या जानेवारीअखेरपर्यंत बोली चालली. सगळा संग्रह एकगठ्ठा घेण्याची राजाची तयारी होती, पण वारसांनी नकार दिला. मग राजालाही इतरांसारखी बोली लावावी लागली. त्यातून मिळालेली हजारभर रेखाटनं आज लूव्रमध्ये आहेत. बाकीची व्हिएन्नाच्या आल्बर्टिनात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, न्यूयॉर्कच्या मॉर्गनमध्ये, आणि आणखी कुठे कुठे. निळी कड दिसली की माहेर कळतं.

अशा लिलावांना गाब्रिएल द सँतोबँ नावाचा एक चित्रकार हटकून जाई. लोक सूचीच्या समासात किमती टिपत, हा तिथे चित्रं काढी. समोर आलेल्या चित्राची नखाएवढी नक्कल, पेन्सिलीच्या चार फटकाऱ्यांत. मारिएतच्या लिलावाची त्याने अशी चितारलेली सूची आता बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. मूळ चित्रांइतकीच जपावी लागणारी. एखादं बेवारस रेखाटन मारिएतकडचंच का, हे ठरवायला अभ्यासक अजून ते समास चाळतात.

आमच्या विहिरीची अशी नक्कल कुणी केली नाही. फ्रेमवाल्याच्या दुकानातून ती पट्टी रद्दीत गेली असणार.