बोंडूचा शिरका

फाल्गुन सरत आला म्हणजे वेंगुर्ल्याच्या आसपास कातळउतारांवरील काजूच्या बागांतून जो गोडसर, किंचित उग्र, मस्तकात भिनणारा दर्प पसरतो, तो ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे सांगावयास नको की, या फळाचा फार मोठा भाग आपण मातीच्या स्वाधीन करून टाकतो. बी तेवढी पिळवटून काढावयाची, पोत्यांत भरून कारखान्याकडे रवाना करावयाची, आणि लाल-पिवळ्या रसाळ बोंडूंचा सडा गुरांच्या व मुंग्यांच्या हवाली करावयाचा, ही आमच्याकडची वहिवाट. सीमेपलीकडे गोव्यात याच रसाची हुर्राक आणि फेणी होते. आमच्या बाजूस मात्र शेकडा दहाच्या आसपास साखर अंगी बाळगणारे हे फळ झाडाखालीच कुजते. त्याची खंत मनात अनेक वर्षे घर करून होती, आणि तिच्यातूनच घरी शिरका घालण्याची तजवीज मी आरंभिली.

फळ निवडण्यात कसूर करून चालत नाही. आपोआप गळालेले, पूर्ण पिकलेले, परंतु अंगावर काळा डाग न पडलेले बोंडू त्याच सकाळी वेचून आणावेत आणि दुपार चढण्यापूर्वी त्यांचा रस काढावा. हा रस गोड असला तरी घसा धरतो; म्हणून तांदळाची पातळ पेज पुरती गार करून त्यात ओतावी, ढवळावी आणि स्वस्थ ठेवावी. तुरटपणास कारणीभूत असलेले टॅनिन पेजेतील पिष्टाला बिलगून करड्या गाळाच्या रूपाने हळूहळू तळाशी बसते, आणि वरचा रस निवळून मधाच्या रंगाचा होतो. तो हलक्या हाताने चिनी मातीच्या बरणीत ओतून घ्यावा. तांब्यापितळेचे भांडे येथे सर्वथा वर्ज्य, कारण पुढे उत्पन्न होणारे आम्ल धातूला खाते.

रस आंबण्यासाठी त्यात काहीही घालावे लागत नाही. फेणीचे कारखानदारसुद्धा परंपरेने बाहेरचे खमीर घालीत नाहीत. बागेतील उकललेल्या फळांवर, त्यांवर घोंघावणाऱ्या कीटकांच्या अंगावर आणि पिळण्याच्या भांड्यांवर वस्ती करून असलेली रानटी किण्वे रसाबरोबर आपसूक येतात आणि कोकणातील उन्हाळ्याच्या उष्म्यात त्यांना उत्साह चढण्यास वेळ लागत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद आणि तांदूळ यांपासून किण्व सिद्ध करण्याची कृती दिली आहे. म्हणजे ही अदृश्य शक्ती बाळगण्याची विद्या आपल्या देशात पुरातन आहे. बरणीला कान लावला तर प्रथम बारीक चुरचूर ऐकू येते. मग कडेकडेने टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चढू लागतात, आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत रसावर फेसाचा जाड थर येऊन फळाचा वास मागे पडतो व ताज्या पावासारखा वास येऊ लागतो. या अवस्थेत झाकण सैल ठेवावे, परंतु ठेवावे अवश्य. रसातून निघणारा कर्बवायू पृष्ठभागावर पसरून बाहेरच्या हवेला थोपवून धरतो, आणि साखरेचा मद्यार्क होण्याच्या काळात नेमके हेच हवे असते.

हा फेसाळता रस वाटीभर काढून घेऊन मी खपली गव्हाच्या पिठात कालवितो. गोव्यातील पोदेर, म्हणजे पाववाले, पावाचे पीठ माडाच्या सुरेने फुगवीत आणि सान्ने, म्हणजे तांदळाचे वाफवलेले वडे, आजही पुष्कळ घरांत तसेच होतात. माझा प्रयत्न त्याच जातीचा आहे. एका रात्रीत ते पीठ जाळीदार होते. मग रोज त्यातील निम्मे काढून तितकेच नवे पीठ व पाणी घालीत राहिले म्हणजे किण्वांच्या सोबतीस पिठातील आम्लकारी जंतूही स्थिरावतात, आणि त्या आंबटपणामुळे परक्या बुरशीचा शिरकाव कठीण होतो. अशा खमिराचा पाव सावकाश फुगतो हे खरे, पण त्याची चव बाजारी पावास कधीही येणार नाही.

बरणीतील उसळी शमली आणि गाळ बसला की मात्र व्यवस्था समूळ पालटावी लागते. आतापर्यंत जी हवा शत्रू होती तिलाच आमंत्रण द्यावयाचे असते. तोंड रुंद असलेल्या भांड्यात रस पसरून, चिलटे आत जाऊ नयेत म्हणून वर घट्ट विणीचे फडके बांधावे आणि जुन्या, न उकळलेल्या शिरक्याचे विरजण त्यात घालावे. मला ते शेजारच्या ख्रिस्ती वस्तीतील एका वयोवृद्ध आजींकडून मिळाले. माडीचा शिरका घालण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. काही दिवसांनी पृष्ठभागावर तेलकट चकाकीचा, काचेसारखा पातळ पापुद्रा धरला, तो त्यांना दाखविला, आणि तो खालीवर करून सर्व रसात मिसळावा काय असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "झिला, तां आपसूक होतलां, तू हात लावू नको."

या एका वाक्यात जे शास्त्र आहे ते लुई पाश्चरने १८६४ साली फ्रेंच विद्वानांपुढे मांडले. ओर्लेआँच्या शिरकेकऱ्यांची पिंपे हवेसाठी मुद्दाम अपुरी भरलेली असत. त्यांतील पृष्ठभागावरची साय सजीव असून तीच हवेतील प्राणवायू मद्यार्कापर्यंत पोहोचविते, आणि ती बुडाली तर तिचे कार्य थांबते, हे त्याने दाखवून दिले. आजींनी पाश्चरचे नावही ऐकले नसेल. तरी निरीक्षणाने मिळविलेले त्यांचे ज्ञान तितकेच प्रमाण आहे असे मी मानतो, आणि ते कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही याचे मला मनस्वी दुःख होते.

पापुद्रा गुळगुळीत असावा. तो पांढरा व सुरकुतलेला दिसला तर ती निराळी, निरुपयोगी साय समजून काढून टाकावी, आणि रंगीत केसाळ बुरशी आली तर सगळाच रस ओतून द्यावा. वास तीक्ष्ण होऊन मद्याची छटा मुळीच उरली नाही म्हणजे शिरका तयार झाला. शहाबादी फरशीच्या तुकड्यावर एक थेंब सोडला की तो चुनखडीवर फसफसतो. पण एवढ्याने आम्लाचे प्रमाण कळत नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे शिरक्यात ते किमान शेकडा ३.७५ असावे लागते, म्हणून टिकाऊ लोणच्याकरिता तो मोजून घेतल्याशिवाय मी वापरीत नाही. बांगड्याला चोळण्यास आणि कांद्याच्या कोशिंबिरीवर शिंपडण्यास मात्र तो निःशंक घेतो. तयार झाल्यावर तो उघडा ठेवू नये: मद्यार्क संपला की तेच जंतू आम्लावर तुटून पडतात आणि त्याचे पाणी व कर्बवायू करून टाकतात. म्हणून बाटल्या गळ्यापर्यंत भराव्यात, बुचे घट्ट बसवावीत, आणि पुढच्या चैत्रातील बोंडूंसाठी पापुद्र्यासह थोडा शिरका निराळ्या बरणीत राखून ठेवावा.