मैलांची शिदोरी

प्रवासाला निघायचे म्हणजे आधी शिदोरी बांधायची, ही आपल्या घराघरांतली रीत. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, चार केळी आणि पाण्याचा तांब्या एवढ्या जामानिम्यावर आपल्या वाडवडिलांनी दूरदूरच्या यात्रा केल्या. शिदोरी घरात ठेवण्यासाठी नसते. ती वाटेत सोडायची, सोबतच्याला दोन घास द्यायचे आणि शिळी होण्याआधी संपवायची. अलीकडे आपल्यातील अनेकांच्या गाठीला आणखी एक शिदोरी जमू लागली आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि बहुधा म्हणूनच गाठोड्यात तशीच राहून जाते. विमान कंपन्यांचे ‘मैल’ आणि हॉटेलांचे ‘पॉइंट’ ही ती शिदोरी. तिच्याविषयी आम्हा उभयतांस जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे.

या व्यवहाराचा उगम फार जुना नाही. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी एक योजना सुरू केली. जितके मैल उडाल तितके खात्यावर जमा होतील आणि पुरेसे साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट मिळेल, असा साधा हिशेब. विमानातली खुर्ची रिकामी राहिली, तर उड्डाण होताच तिची किंमत शून्य होते. ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकण्यात कंपनीचे फारसे जात नाही आणि ते गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या कंपनीच्या दारात जात नाही. हॉटेलातल्या रिकाम्या खोलीचे गणितही हेच. पुढे बँका या व्यवहारात उतरल्या. त्या विमान कंपन्यांकडून मैल विकत घेतात आणि आपल्या कार्डधारकांना वाटतात. त्यामुळे आज मैल जमवण्यासाठी विमानात बसलेच पाहिजे असे नाही; कार्डावर वाणसामान भरले तरी ते जमतात.

पालघर-बोईसर भागात हे मैल येतात कुठून, असा प्रश्न कुणास पडेल. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील अभियंते आणि विक्री अधिकारी कामानिमित्त दिल्ली-हैदराबादच्या फेऱ्या मारतात. आपली मुले जहाजांवर आहेत, मुली आखातातील इस्पितळांत परिचारिका आहेत. ही मंडळी वर्षाकाठी हजारो मैल उडतात, पण त्यांच्यापैकी कित्येकांनी विमान कंपनीकडे खातेच उघडलेले नसते. खाते उघडण्यास एक पैसाही लागत नाही. तिकीट काढताना खात्याचा क्रमांक द्यावा, इतकेच. तो राहून गेला तरी बोर्डिंग पास जपून ठेवल्यास ठरावीक मुदतीत मागाहून मैल मागता येतात. मात्र आपल्या लोकांनी एका बाबतीत डोळ्यांत तेल घालावे. खात्यावरचे नाव पासपोर्टावरच्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते. आपल्याकडे एका कागदावर ‘डिमेलो’ एकसंध असतो, दुसऱ्यावर ‘डि’ सुटा पडतो आणि तिसऱ्यावर बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेली दोन-तीन नावे ओळीने उभी असतात. माणूस तोच असला, तरी संगणकाला ते पटत नाही.

आता हिशेबाकडे वळू. मैलाची किंमत कायम ठरलेली नसते. तो कशासाठी खर्च करता यावर ती ठरते. उदाहरणादाखल असे धरा, की एखादे तिकीट ६,००० रुपयांचे आहे आणि तेच मैलांत घेतल्यास ५,००० मैल आणि १,००० रुपये कर पडतो. म्हणजे ५,००० मैलांनी ५,००० रुपये वाचवले. मैलामागे १ रुपया. तेच मैल देऊन कुणी १,२५० रुपयांची इस्त्री घेतली, तर मैलामागे २५ पैसेच पदरात पडले. तिकीट ‘मोफत’ म्हणतात तेही पूर्णार्थाने खरे नव्हे; कर आणि इतर आकार बहुधा रोखीनेच भरावे लागतात. परदेशी तिकिटांवर तर हे आकार डोळे पांढरे करतात. म्हणून आधी रोखीची किंमत पाहावी, मग मैलांची पाहावी आणि भागाकार करावा. पाचवीतल्या मुलाला येईल इतकेच हे गणित आहे.

हे गणित पक्के असलेल्या एका गृहस्थाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिड फिलिप्स नावाच्या अभियंत्याने पाहिले, की एका खाद्यकंपनीच्या वेष्टनांवर मैल मिळत आहेत आणि त्या कंपनीच्या पुडिंगची वाटी अगदी स्वस्त आहे. त्यांनी सुमारे ३,००० डॉलर खर्चून १२,००० हून अधिक वाट्या विकत घेतल्या. लेबले सोलण्यासाठी हात अपुरे पडू लागले, तेव्हा सगळे पुडिंग त्यांनी साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेला दिले आणि तिथल्या स्वयंसेवकांनी लेबले काढून दिली. त्यांच्या खात्यावर बारा लाखांहून अधिक मैल जमा झाले. गोष्ट गमतीची आहे, पण फिलिप्स यांच्यासारखी संधी आयुष्यात एखाद्याला एखाद्या वेळीच लाभते. बाकीच्यांनी मैलांसाठी खरेदी करू नये. जी खरेदी करायचीच आहे, तिच्यावर मैल मिळत असतील तर घ्यावेत. क्रेडिट कार्डाचे पूर्ण बिल मुदतीत भरणे ज्यांस शक्य नाही, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये. थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक व्याज लागते. एवढे व्याज भरून मिळवलेले विमानाचे तिकीट सावकाराच्या बैलगाडीतून केलेल्या प्रवासासारखेच होय.

ही शिदोरी शिळीही होते, आणि तेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. काही हॉटेलसमूहांत २४ महिने खात्यावर हालचाल झाली नाही की पॉइंट रद्द होतात. काही विमान कंपन्यांत मैलांचे आयुष्य ३ वर्षांचे असते. शिवाय एका तिकिटास किती मैल लागतील, हे कंपनी आपल्या मर्जीने वाढवू शकते. बँकेतल्या ठेवीवर निदान थोडे व्याज मिळते, मैल मात्र पडून पडून झिजतात. विमान कंपन्याही अमर नसतात. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ रोजी आपले कामकाज थांबवले. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली आणि एअर इंडियाची जुनी ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजना २०२५ मध्ये ‘महाराजा क्लब’ झाली. वाळवंटातला मान्ना उद्यासाठी साठवणाऱ्यांची काय गत झाली, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेच आहे.

हा प्रश्न आमच्या घरी २०२४ च्या उन्हाळ्यात उभा राहिला. आमच्यापैकी एकाची नोकरी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतील एका खासगी कारखान्यात. कामाच्या फेऱ्यांतून जमलेले मैल आणि पॉइंट कर्मचाऱ्याने स्वतःसाठी वापरावेत, अशी तिथे मुभा आहे. ते आम्ही २०२५ च्या ज्युबिली वर्षात रोमला जाण्यासाठी राखून ठेवले होते. त्याच वेळी गोव्यातून वार्ता आली, की संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात भरणार. आमच्या आईचे वय तेव्हा ७८. तिने ते दर्शन १९७४ मध्ये घेतले होते, मुंबईहून बोटीने जाऊन, रात्रभर डेकवर चादर अंथरून. नंतरच्या चार प्रदर्शनांना तिला जाणे झाले नाही. कधी कुणाचे बाळंतपण, कधी शेतीची कामे, कधी आजारपण. हे प्रदर्शन दहा वर्षांनी भरते. म्हणजे पुढचे २०३४ मध्ये. रोम कुठे पळून जात नाही, पण आईचे गुडघे दहा वर्षे थांबणार नव्हते. तो हिशेब मांडायला कागद-पेन्सिल लागली नाही.

वसई रोडवरून मडगावला रेल्वेने जाता येते आणि धडधाकट माणसाला तो प्रवास आनंदाचा आहे. परंतु आईला वरखाली करणे, हलत्या गाडीत शौचालयापर्यंत जाणे झेपत नव्हते. म्हणून आम्ही मैल काढले. ऑगस्टमध्येच तारखा धरल्या, कारण मैलांवर मिळणाऱ्या खुर्च्या मोजक्या असतात आणि ३ डिसेंबरच्या सणाजवळ किंवा नाताळात त्या मिळतच नाहीत. डिसेंबरचा दुसरा आठवडा ठरला. तिघांचे जाणे-येणे मैलांत बसले, कर तेवढा रोखीने भरला.

मुंबई ते गोवा हे सव्वा तासाचे उड्डाण हा या प्रवासातला सर्वांत सोपा भाग होता. अवघड भाग होता तो पालघर ते सहार. डहाणू मार्गावर लोकल मोजक्या. मोटारीने जायचे तर मनोरवरून महामार्ग गाठा आणि पुढे घोडबंदरच्या कोंडीत किती वेळ जाईल याचा नेम नाही. सकाळच्या विमानासाठी आपल्याकडच्या माणसाला मध्यरात्री घर सोडावे लागते आणि म्हातारे माणूस विमानात बसण्याआधीच अर्धमेले होते. म्हणून हॉटेलचे पॉइंट आम्ही गोव्यातल्या समुद्रकाठी खर्च केले नाहीत, सहारला विमानतळाजवळ खर्च केले. आदल्या दिवशी दुपारी आरामात निघालो, रात्री आई गादीवर स्वस्थ झोपली, सकाळी दहा मिनिटांत विमानतळावर पोहोचलो. पालघर, बोईसर, डहाणूकडच्या वाचकांस आमचे हेच आग्रहाचे सांगणे आहे: हॉटेलच्या पॉइंटांचे सोने करायचे असेल तर ते विमानतळाजवळच्या त्या एका रात्रीसाठी ठेवावेत. पणजीला आमचे नातलग आहेत. तिथे त्यांच्याकडे उतरलो. जिथे आपल्या माणसाचे घर आहे, तिथे पॉइंट कशाला?

सर्वांत मोठी सोय मात्र मैलांनी मिळालेली नव्हती. वृद्ध किंवा अपंग प्रवाशासाठी विमान कंपनीला ४८ तास आधी कळवले, तर चाकाची खुर्ची आणि ती ढकलणारा मदतनीस विनामूल्य मिळतो. ज्यांना ठाऊक नसते, ते बिचारे लांबलचक वाट पायी तुडवतात.

से कॅथेड्रलमध्ये आईने अवशेषपेटीपुढे हात जोडले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर तिने विचारले, “एवढे सगळे किती पैशांत पडले?” आम्ही सांगितले, “आई, तुमच्या तिकिटाचे काही पडले नाही, कर तेवढा.” यावर ती म्हणाली, “मग पडले कुणाचे, बाबा?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायलाच हवे. आमच्या बाबतीत मूळ तिकिटांचे पैसे कारखान्याने भरले आणि मैल आम्हांस दिले. पण जिथे तशी मुभा नाही, तिथे असे मैल वापरणे म्हणजे मालकाच्या तांदळातून मूठ काढण्यासारखे आहे. केंद्र सरकारने आपल्या सेवकांस स्पष्ट बजावले आहे, की सरकारी प्रवासातून जमलेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत. जर्मनीत २००२ मध्ये सरकारी प्रवासाचे मैल खासगी कामासाठी वापरल्याचे उघड झाले, तेव्हा ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनमधील मंत्रिपद सोडले. कार्डावरच्या मैलांचे उत्तर अधिक अवघड आहे. कार्ड घेणाऱ्या दुकानदाराला बँकेस अडत द्यावी लागते आणि तो ती मालाच्या किमतीत मिसळतो. सातपाटीची कोळीण त्याच दुकानात रोख पैसे मोजून तीच वस्तू त्याच दराने घेते. तिला मैल मिळत नाहीत. आमच्या मैलांत तिचाही एखादा पैसा असतो, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना सवलत होती. पुरुषांना ४० टक्के, स्त्रियांना ५० टक्के. तिच्यासाठी कार्ड लागत नव्हते, खाते लागत नव्हते. वय पुरेसे होते. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. गरिबाच्या म्हातारपणाची ती शिदोरी होती. ती हरवल्याचे दुःख मैलवाल्यांना कळणार नाही, कारण त्यांची शिदोरी भरतच आहे.

तेव्हा ज्यांच्या खात्यावर मैल आहेत, त्यांनी आज संध्याकाळी ते किती आहेत आणि कधी संपणार आहेत एवढे पाहावे. बहुतेक योजनांत ते कुटुंबीयांसाठी वापरता येतात, काहींत इतरांसाठीही. विकणे मात्र सर्वत्र निषिद्ध आहे. आपल्या घरात, आपल्या आळीत गुडघ्यांमुळे वेलंकनी राहून गेलेली एखादी आत्या असेल, परदेशातल्या नातवंडाचे तोंड न पाहिलेले आजोबा असतील. रोमला आम्ही अजून गेलेलो नाही. पुन्हा मैल जमतील तेव्हा जाऊ. न जमल्यास आपल्या पालघरच्या चर्चमध्येही प्रार्थना होतेच. शिदोरीचा पहिला घास वाटेत दमलेल्या माणसाला द्यावा, ही आपली जुनी शिकवण या नव्या शिदोरीलाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.