नाव घातलेली वाटी

आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या काढून ओळीने मांडल्या, तर निम्म्या वाट्यांवर आमचं नाव निघणार नाही. कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत, कुणाचा पहिला वाढदिवस. घरोघरी हे असंच असतं. आपल्या वाट्या लोकांच्या फळीवर आणि लोकांच्या आपल्या.

त्यातली सर्वांत जुनी वाटी केडगावातल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची. तेव्हा केडगावला गावपण होतं. रेणुकामातेचं देऊळ, नवरात्रातली यात्रा, आजूबाजूला शेतं आणि पलीकडे नगर शहर. आता केडगाव महानगरपालिकेचं उपनगर आहे, शहराचं नावही २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, आणि पुणे रस्त्याच्या कडेने इमारती उभ्या आहेत. वाटीवरचं नाव मशीनने घातलेलं नाही. छिन्नीवर हलके टोले देत एकेक ठिपका उठवून अक्षर काढलं आहे. बोट फिरवलं की अजून ते ठिपके लागतात. ‘चि.’ नंतरचं टिंब इतर ठिपक्यांपेक्षा खोल गेलं आहे. ज्याचं नाव तिच्यावर आहे, त्याच्या डोक्यावरचे केस आता विरळ झाले आहेत.

ही वाटी इतकी वर्षं टिकली, कारण आईने तिला माप केलं. एक वाटी डाळ, दोन वाट्या तांदूळ, पुरणाला अमुक वाट्या हरभऱ्याची डाळ, सगळं त्याच वाटीने. त्या काळात स्टीलचं भांडं म्हणजे चैन होती. पितळेला कल्हई लावावी लागायची, स्टीलला ती कटकट नव्हती. बोहारीण दारात आली की आई जुनी लुगडी, बाबांच्या पँटी समोर टाकून तासभर घासाघीस करायची, तेव्हा कुठे एखादं पातेलं पदरात पडायचं. अशा दिवसांत त्या शेजाऱ्यांनी आलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात स्टीलची वाटी ठेवली, याचं आईला किती अप्रूप वाटलं असेल, हे मला संसाराला लागल्यावर कळलं. माझ्या लग्नात तिने बाकीच्या भांड्यांबरोबर ती वाटी मला दिली. “माप आहे, हरवू नको,” एवढंच म्हणाली.

शाळेत वाढदिवस म्हणजे गोळ्या वाटणं. नवा फ्रॉक घालायचा, हातात गोळ्यांची पिशवी, वर्गभर फिरायचं आणि बाईंना दोन जास्त द्यायच्या. त्या गोळ्या बहुतेक रावळगावच्या असत. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली मालेगावजवळ साखर कारखाना उभारला आणि पुढे तिथेच गोळ्या बनू लागल्या. आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला हा खाऊ आमच्या दप्तरांत कायम असायचा. घरी वाढदिवस म्हणजे औक्षण आणि शिरा. पाहुण्या मुलांना जाताना काही द्यायचं असतं, ही कल्पना मुलांच्या वाढदिवसापेक्षा आम्हाला आईच्या हळदीकुंकवातून जास्त माहीत होती. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बायका वाण लुटायच्या. कुंकवाची डबी, चहाची गाळणी, साबणाची वडी, चमचा. आई वाण निवडायला बसली की तिचा एकच प्रश्न असायचा: “हे तिच्या घरात लागेल का?” किंमत त्यानंतर. महागातलं पण न लागणारं वाण देणाऱ्या घराविषयी ती कधी बोलली नाही, पण ते वाण पुढच्या वर्षी आमच्याकडून दुसऱ्या कुणाकडे जायचं, हे मी पाहत होते.

माझी मुलं लहान होती तोपर्यंत वाढदिवसाचं रूप पालटलं होतं. भिंतीवर थर्माकोलची अक्षरं, टोपी, केक, आणि निघताना प्रत्येकाला पिशवीत शिट्टी, खोडरबर, चेंडू. आम्हीही तेच केलं. मुलं खूश व्हायची, आणि शिट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीच फुटायची. आता थर्माकोलच्या सजावटीवर आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. मला ती बंदी मनापासून पटते.

नातवाचा दुसरा वाढदिवस आला, तेव्हा सुनेने विचारलं, “आई, रिटर्न गिफ्टचं काय करायचं?” घरात त्यावर बरीच चर्चा झाली. येणारी बहुतेक मुलं दीड ते तीन वर्षांची, त्यांच्यामागे पाच-सात वर्षांची ताई-दादा मंडळी. बाजारात स्वस्तात मिळणारी खेळणी आम्ही पाहिली. ओढली की चाकं हातात येणाऱ्या गाड्या, बटणाएवढ्या सेलवर दिवे लागणाऱ्या अंगठ्या, मण्यांच्या माळा. या वयाचं मूल हातातली वस्तू आधी तोंडात घालतं. सुटा झालेला छोटा भाग घशात अडकू शकतो. गिळलेला बटण-सेल तर काही तासांत अन्ननलिका भाजून काढतो. फुटलेल्या फुग्याचा तुकडाही तितकाच वाईट. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते पाहूनच खेळणं घ्यावं. सुट्या, वेष्टन नसलेल्या खेळण्यांवर मला ते शोधूनही दिसलं नाही, म्हणून तो विचार आम्ही सोडला.

(बोरन्हाण करतानाही मी आता हेच पाहते. लाह्या-चुरमुरे, हलवा डोक्यावरून ओतताना देखणेच दिसतात, पण आठळीसकट बोरं, शेंगदाणे, उसाचे करवे, लिमलेटच्या गोळ्या हे वेचायला दोन वर्षांचं मूल पुढे सरसावतं आणि थेट तोंडात टाकतं. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा देऊच नये. बोरन्हाण जरूर करावं, फक्त वेचणाऱ्या पोरांवर एक मोठं माणूस बसवावं.)

मग मी मापाची वाटी काढली आणि सुनेसमोर ठेवली. नातू रोज त्याच वाटीत मऊ भात खातो. उष्टावणाला त्याच्या आजोळहून आलेली चांदीची वाटी कपाटात कापडात गुंडाळून ठेवली आहे. ती काढायला निमित्त लागतं, घासायला वेळ लागतो. स्टीलची वाटी तो आपटतो, पालथी घालून तबला करतो, तिच्यात पाणी ओततो, आणि भूक लागली की तीच घेऊन ओट्यापाशी येतो. मुलाला बोलता येत नाही तेव्हा वाटीच बोलते. यापेक्षा चांगली भेट कोणती?

माझ्या मुलाने एक सुचवलं. वाटीवर आपल्या बाळाचं नाव घालायची पद्धत आहे, पण घेणाऱ्या मुलाचं नाव घालू या. त्यावर मला आधी आईच आठवली, कारण ज्याने दिलं त्याचं नाव भांड्यावर असतं म्हणूनच पन्नास वर्षांनी त्या माणसाची आठवण निघते. पण मुलाचंही खरं होतं. दोन वर्षांच्या पोराला दुसऱ्याच्या नावाशी काय देणंघेणं? शेवटी ठरलं: बाहेरच्या अंगाला त्या मुलाचं नाव, आणि बुडाला लहान अक्षरांत आमच्या नातवाचं नाव आणि तारीख.

सुनेने सगळ्या आयांना नावं विचारली. अडचण तिथे सुरू झाली. पाळण्यातलं नाव घालायचं की हाकेचं? या वयात मूल फक्त हाकेलाच ओ देतं. आम्ही हाकेची नावं मागितली आणि एकाहून एक गोड उत्तरं आली. ‘छकुली’, ‘बबड्या’, एक ‘पिल्लू’ आणि त्याचं धाकटं भावंडही ‘पिल्लू’. त्या आईने थोडा विचार करून धाकट्यासाठी ‘छोटं पिल्लू’ कळवलं.

नगरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात वाटी निवडायला मी स्वतः गेले. दुकानदाराने आधी पातळ पत्र्याची, चकचकीत वाटी पुढे केली. मी तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड कापलेली होती, वळवलेली नव्हती. अशी कड मुलाच्या ओठाला लागते. दुसरी पसरट होती, तिच्यातलं वरण पहिल्या घासालाच सांडलं असतं. तिसरी बरोबर होती: बूड रुंद आणि सपाट, अंग जरा खोलगट, कड बाहेरून वळवून दाबलेली, वजनाने अशी की मुलाने ढकलली तरी कलंडू नये आणि उचलली तर हात अवघडू नये. एका वाटीला चाळीस-पन्नास रुपये पडले. नाव घालायचे त्याने वेगळे पैसे घेतले नाहीत. विजेची पेन्सिल टर्र टर्र करत स्टीलवर फिरत होती आणि तो माणूस प्रत्येक नाव मोठ्याने वाचून मगच लिहीत होता. ‘छोटं पिल्लू’ला त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला.

ताई-दादा मंडळींसाठी आम्ही चित्रांची मराठी पुस्तकं घेतली. माधुरी पुरंदरेंची ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली पुस्तकं आणि नॅशनल बुक ट्रस्टची पातळ पुस्तकं मिळून खर्च आवाक्यात राहिला. भेटवस्तू कागदात बांधायच्या नाहीत, हे सुनेचं म्हणणं. लहान मुलाला कागद फाडण्यातच गंमत वाटते, आणि मग चिकटपट्टी तोंडात जाते. तिने वाट्या परातीत मांडून ठेवल्या. वाढदिवसाला त्याच वाट्यांतून मुलांना खीर दिली. जाताना आयांनी त्या विसळून पिशवीत टाकल्या. कुठलीच वाटी मागे राहिली नाही, कारण प्रत्येकीवर नाव होतं.

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या जुळ्या मुलींचा वाढदिवस मार्गशीर्षात येतो. ती परवा विचारायला आली, “काकू, वाट्या तर तुम्ही दिल्या, आता मी काय देऊ?” तिला मी छोटं लाकडी पोळपाट-लाटणं सुचवलं आहे. लहान मुलांना कणकेचा गोळा दिला की अर्धा तास स्वयंपाकघरात शांतता असते, आणि आईच्या शेजारी बसून लाटायला मिळतं म्हणून ती जेवतातही. रंग दिलेलं घेऊ नकोस म्हटलं, साधं घे, कडा घासलेल्या आहेत ना ते हाताने बघ. नवरात्रात देवीच्या यात्रेला लाकडी सामानवाले बसतात, तिथे एकदम घेतलं तर भाव कमी होतो. तिने लगेच विचारलं, “त्यावरही नाव घालता येईल ना?” मी म्हटलं, लाकडावर तापवलेल्या सळईने अक्षरं काढतात, विचारून बघू.