पाणी दबत नाही

पाऊस आम्हां वसईकरांना नवा नाही. कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्यांचा आवाज ऐकतच आमची पिढी वाढली. तथापि जुलै २०१८ मधील पावसाने जे दाखविले, ते पूर्वी पाहिले नव्हते. वीज गेली, रेल्वे थांबली, मिठागरातील वस्ती पाण्याने वेढली गेली आणि ज्या रस्त्यांवर आयुष्यभर सायकल चालविली, ते रस्ते कोठे आहेत हेच उमजेना.

मंगळवार, १० जुलैचा तो दिवस. स्टेशनच्या बाजूला तळमजल्यावर एकटी राहणारी माझी थोरली बहीण काय करीत असेल, या चिंतेने मी सकाळीच गाडी बाहेर काढली. पत्नी ओट्यावरून म्हणाली, “अहो, गाडी नको. चालत जा, काठी घेऊन जा.” मी हसलो. गाडी चार वर्षांची होती आणि निवृत्तीच्या पैशातून घेतलेली होती. तिच्यावर माझा फार विश्वास होता.

एका वळणानंतर शंभर-दीडशे पावले पाणी पसरलेले दिसले. समोरून एक ट्रक सहज निघून आला, ते पाहून मला धीर आला. ट्रकचे इंजिन किती उंचावर असते आणि माझ्या गाडीचे किती खाली, हा विचार मनात आला नाही. कडेला उभा असलेला एक मुलगा दोन्ही हात हलवून नको म्हणत होता. मी पहिला गिअर टाकला. निम्म्या वाटेवर दुसरा ट्रक समोरून आला, त्याने उठविलेली लाट बॉनेटवर आदळली आणि इंजिन दोनदा अडखळून बंद पडले.

येथपर्यंत जे झाले, त्याला अविचार म्हणता येईल. पुढचे मात्र हट्टाचे होते. मी चावी फिरविली. इंजिन कुरकुरले. पुन्हा फिरविली. तिसऱ्या वेळी ते क्षणभर चालू झाले, आतून घणाचा घाव बसल्यासारखा ‘ठक्’ असा आवाज आला आणि सारे शांत झाले. गाडी तेथेच सोडून मी गुडघाभर पाण्यातून, कोणाची तरी काठी मागून घेऊन, बहिणीकडे गेलो. जेमतेम अर्ध्या तासाची वाट. ती वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे सुखरूप होती, चहा पीत होती.

पाणी ओसरल्यावर गाडी ओढत गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “सर, गाडी बंद पडल्यावर पुन्हा चावी फिरवली होती का?”

मी म्हणालो, “नाही.”

तीस वर्षे मुलांना शिकविलेल्या माणसाच्या तोंडून तो शब्द किती सहज निघाला! तो काही बोलला नाही. बॅटरी सोडवून त्याने तेलाची कांडी ओढून दाखविली. तेल चहात दूध घातल्यासारखे झाले होते. मग स्पार्क प्लग काढून त्याने इंजिन हाताने फिरविले, तेव्हा प्लगच्या भोकांतून पाणी उडाले. चारांपैकी तीन पिस्टन पूर्ण वर येत होते, चौथा थोडा खालीच थांबत होता.

“सर, इंजिन हवा ओढतं आणि दाबतं,” तो म्हणाला. “दहा भाग हवेचा एक भाग करतं. हवा दबते. पाणी दबत नाही. पिस्टन जोरात वर येतो, पाणी जागा देत नाही, मग मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. हवा घ्यायचं तोंड पुढे, हेडलाइटच्या मागेच आहे. लाट आली की पाणी तिथून आत.”

जी गोष्ट मी शाळेत विज्ञानाच्या तासाला सांगत आलो, तीच आज विद्यार्थ्याकडून ऐकत होतो.

खर्चाचा अंदाज ६०,००० रुपयांच्या वर गेला. माझ्या विम्यात इंजिनाच्या संरक्षणाची पुरवणी होती. परंतु बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नाने झालेले नुकसान तीत धरले जाणार नाही, अशी अट होती. भाचा म्हणाला, “मामा, पाणी शिरले आणि गाडी बंद पडली, एवढेच लिहा. पुढचे कोणी पाहिले आहे?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. चालत्या इंजिनात पाणी शिरले तरी रॉड वाकू शकतो. माझी थाप पचली असती.

त्या रात्री मला वडिलांची आठवण झाली. आमच्या वाडीत बावखल होते. पावसाळ्यात ते भरून पायवाटेवर यायचे, तेव्हा वडील काठीने तळ चाचपीत पुढे जात आणि काठी गुडघ्याच्या वर भिजली की मुकाट्याने मागे फिरत. पाण्याशी हट्ट करू नये, एवढेच ते म्हणत. आता अनेक बावखले बुजली, त्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि तेथे मुरणारे पाणी रस्त्यावर येऊन उभे राहिले. काठी घेऊन चालणारी माणसेही कमी झाली.

विम्याचा सर्वेक्षक आला, तेव्हा त्याच्या विचारण्याआधीच मी सांगितले, “मी तीनदा चावी फिरविली.” त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि ते लिहून घेतले. इंजिनाचा दावा नामंजूर झाला. आतील साफसफाईपुरते थोडे पैसे मिळाले. उरलेले मी हप्त्याहप्त्याने दिले.

शेवटचा हप्ता देताना मी मिस्त्रीला म्हणालो, “त्या दिवशी मी तुला खोटे सांगितले.”

तो हसला. “सर, मला तेव्हाच कळलं होतं. उत्तर देताना तुम्ही खाली बघितलंत. वर्गात आम्ही असेच खाली बघायचो, आणि तुम्ही ओळखायचात.”

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत काही माणसे बंद गाड्यांत अडकून प्राणास मुकली. त्यामानाने माझे नुकसान काहीच नव्हे. तरी तरुण मित्रांना सांगावेसे वाटते, ते इतकेच. तळ दिसत नसेल तर पाण्यात गाडी घालू नका. घातलीत आणि ती बंद पडली, तर चावीला हात लावू नका. उतरा, सुरक्षित जागी जा, पाणी ओसरले की गाडी ढकलत किंवा ओढत न्या आणि मिस्त्रीला पाहू द्या. पाणी शिरून थांबलेले इंजिन बहुधा वाचते. माझे पाण्याने मोडले नाही, ते मी तिसऱ्यांदा चावी फिरविली तेव्हा मोडले.

आणि मिस्त्रीने विचारले, तर खरे सांगा.