सातबाऱ्यावरची सही

बांध कोरण्याची विद्या आमच्या धाराशिवकडे कुणाला शिकवावी लागत नाही. दर पेरणीला नांगर वीतभर पलीकडे सरकवायचा, की काही वर्षांत शेजाऱ्याचे एक तास आपले होते. कागदावर मात्र इतका धीर धरावा लागत नाही. एक आकडा फिरवला की काम झाले. म्हणून आमच्या आजोबांनी निजामाच्या अमदानीतले उर्दू कागद पत्र्याच्या पेटीत कुलपाखाली ठेवले होते.

२०१८ पासून सातबाऱ्यावर डिजिटल सही आली. पंधरा रुपये भरले की उतारा घरबसल्या मिळतो. आमचे काका तो छापून त्याच पेटीत टाकतात. कागदावर उतरली की ती सही नुसते चित्र होते, हे मी त्यांना दोनदा सांगितले. ‘असू दे,’ म्हणाले.

खरी सही म्हणजे गणित. आधी साऱ्या मजकुराचे एक छोटे सार काढतात. एक काना बदलला तरी सार पार बदलते. त्या सारावर गुप्त किल्लीने मोहोर उठते, आणि जाहीर किल्लीने ती कुणालाही पारखता येते. आपल्याकडे रुळलेल्या आर.एस.ए. पद्धतीची भिस्त एवढ्यावरच, की दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या हुडकणे जवळजवळ अशक्य. पुंज-संगणकाला ते साधेल, हे पीटर शोर ह्यांनी १९९४ साली दाखवून ठेवले आहे. तेवढा मोठा संगणक अजून कुणी बांधलेला नाही. बांधला, तर मागची तारीख घालून खोटा सातबारा निघेल आणि सही अस्सल ठरेल! जुन्या कागदावरची खाडाखोड निदान उजेडात धरली की दिसायची.

अमेरिकेच्या मानक-संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या सह्यांची दोन मानके जाहीर केली. एकाचा पाया बहुमितीय जाळ्यांच्या गणितावर. दुसरे केवळ त्या सारावर उभे. मला दुसरेच भरवशाचे वाटते, जरी त्याची लहानात लहान सही ७८५६ बाइटांची असली, आणि आर.एस.ए.ची नेहमीची २५६ बाइटांचीच.

पण नव्या उताऱ्यांवर नवी सही घालून भागायचे नाही. जमिनीचे कागद फार जगतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला मराठवाड्यात निजामकाळची दप्तरे पुन्हा उघडावी लागलीच ना? आजवर सह्या झालेल्या उताऱ्यांवर नवी मोहोर चढवायची, तर ती जुनी सही विश्वासाची आहे तोवरच चढवावी लागेल. त्यानंतर अस्सल कोणता आणि घडवलेला कोणता, हे कोणत्याही तलाठ्याला सांगता यायचे नाही.